आत्याचा निर्दोष गुडघा

माझी आत्या गुडघा दाखवायला म्हणून नरखेडकडच्या तिच्या गावाहून नागपूरला आमच्या बेसाच्या घरी आली, तेव्हा तिच्यासोबत पिशवीभर मोसंबी, दोन लुगडी आणि एक्स-रेचा एक मोठा लिफाफा होता. लिफाफ्यातला एक्स-रे तिचा नव्हता, शेजारणीचा होता. दोघींचंही दुखणं गुडघ्याचंच आहे, मग परत वेगळा कशाला काढायचा, असं तिचं म्हणणं होतं.

आत्या म्हणजे माझ्या बाबांची थोरली बहीण. वय ऐंशीच्या आसपास, नक्की कुणालाच माहीत नाही. सात बाळंतपणं झाली, त्यातली पाच लेकरं जगली. आतोबा गेल्यापासून मोसंबीचा बगीचा आणि घर दोन्ही तिनं सांभाळलं. मुळात ती अंगानं बरी होती, पण तीन-चार वर्षांपूर्वी दात गेले, कवळी काही बसेना, भाकरी सुटली आणि ती वरणाच्या पाण्यात कालवलेल्या भातावर आली. तेव्हापासून ती वाळत गेली. आतोबांचं घड्याळ ती हातात घालायची, पण मनगटावर ते थांबत नसे म्हणून कोपराच्या वर बांधायची. वेळ बघायची असली की दंडावरचा पदर बाजूला सारून बघायची.

त्या दिवशी मी तिला घ्यायला स्टँडवर गेले, तर एसटीतून उतरायच्या आधीच कंडक्टरनं मला सांगितलं की तुमच्या म्हातारीनं सबंध प्रवास उजवा पाय सीटवर घेऊन, गुडघा छातीशी लावून केला आहे. शेजारच्या माणसाला बसायला जागा उरली नाही, तो काटोलपासून उभा आला. पाय सरळ केला की मांडीच्या आतून कळ निघते आणि थेट गुडघ्यात जाते, असं आत्या म्हणाली. घडी केली की बरं वाटतं.

आता माझ्या नवऱ्याबद्दल सांगायला हवं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यानं गुडघे हा विषय घेतला होता. आधी स्वतःच्या दोन गुडघ्यांपुरता, मग सोसायटीतल्या सगळ्यांच्या. आमच्या घरी एक आख्खा ड्रॉवर गुडघ्याचा आहे. त्यात पट्टे आहेत, तेलं आहेत, शेकायच्या पिशव्या आहेत आणि एक लोहचुंबकाचा पट्टा आहे, ज्याला एकदा घरातली कात्री चिकटली होती. आत्या दारात आली, तेव्हा नवऱ्यानं तिच्या चेहऱ्याकडे बघायच्या आधी गुडघ्याकडे बघितलं. मी त्याला दोष देत नाही. पुढचे चार आठवडे आम्ही सगळ्यांनी तेच केलं.

दुसऱ्या दिवशी सक्करदऱ्याला हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. तिथे आत्याचा स्वतःचा एक्स-रे काढला. नवऱ्यानं तुलनेसाठी आपलाही नेला होता. डॉक्टरांनी दोन्ही फिल्म दिव्याच्या पाटीवर लावल्या, चष्मा वर केला आणि डावीकडच्या फिल्मवर बोट ठेवून म्हणाले की या वयात इतका सुंदर गुडघा बघायला मिळत नाही. नवऱ्यानं नम्रपणे धन्यवाद म्हटलं. डॉक्टर म्हणाले, हा आजींचा आहे. मग उजवीकडच्या फिल्मबद्दल ते जे बोलले, ते ऐकून नवरा घरी येईपर्यंत गप्प होता. आत्यासाठी दुखण्याच्या गोळ्या आणि व्यायाम लिहून दिले होते.

घरी आल्यावर नवरा म्हणाला की एक्स-रेत सगळंच दिसत नसतं.

व्यायामाचा कार्यक्रम त्यानंच आखला. जावई असल्यामुळे आत्याच्या पायाला हात लावणं शक्य नव्हतं, खोलीत उभं राहणंही बरं दिसत नव्हतं. म्हणून तो दाराबाहेर, आमच्याकडे पाठ करून उभा राहायचा आणि मोबाइलवरून सूचना वाचायचा. पाय सरळ करा. आता बाहेरच्या बाजूला न्या. आता आत वळवा. दहापर्यंत मोजा. पाय ओढायचं काम माझं. पहिल्या दिवशी तीनपर्यंत मोजून झालं आणि आत्यानं डाव्या पायानं मला अशी लाथ घातली की मी कोपऱ्यात ठेवलेल्या मोसंब्यांवर जाऊन बसले. आवाज ऐकून नवऱ्यानं बाहेरूनच विचारलं की काय झालं. मी सांगितलं. तो म्हणाला, चांगलं आहे, म्हणजे पायात ताकद आहे.

आठवड्याभरानं आत्याला उलटी झाली. रात्रीची खिचडी सकाळी बाहेर आली. नवरा म्हणाला गोळ्या गरम पडल्या. मी म्हटलं रिकाम्यापोटी मोसंबी खाल्ली असेल. आत्या कुशीवर झाली, पाय पोटाशी घेतला आणि दुपारपर्यंत पडून राहिली. मग उठून बसली आणि चहा मागितला. बरं वाटलं का, विचारलं तर म्हणाली,

"पाय घडी केला का पोट उघडते मा."

मी ते ऐकलं. मला अगदी स्पष्ट आठवतं, मी कपबशी उचलत होते. मला वाटलं, म्हातारपणी माणूस काहीही बोलतो. मी नवऱ्यालाही सांगितलं नाही. चार दिवसांनी परत तसंच झालं, परत पाय घडी, परत चहा. या वेळी आम्ही टँकरच्या पाण्याला दोष दिला आणि पाणी उकळायला लागलो. तिसऱ्यांदा झालं तेव्हा गोळ्या बंद केल्या आणि लोहचुंबकाचा पट्टा सुरू केला.

चौथ्या आठवड्यात पट्ट्यानं काम केलं असं नवऱ्याला वाटलं, कारण आत्यानं गुडघ्याची तक्रार करणं बंद केलं होतं. खरं तर तिनं बोलणंच बंद केलं होतं. दोन दिवस ती भिंतीकडे तोंड करून पडून होती. खायला दिलं की नंतर खाईन म्हणायची. तिचं पोट लुगड्यातूनही वर आलेलं दिसत होतं आणि मला, देवाशपथ सांगते, क्षणभर आनंद झाला की आमच्याकडे येऊन हिला जरा पोट सुटलं.

मी दादाला फोन केला. दादा म्हणजे आत्याचा थोरला मुलगा, माझा आतेभाऊ, गावातला पहिला माणूस ज्याला आजाराचं निदान फोनवर करता येतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की बेंबी सरकली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतः आला. सोबत पितळेचा लोटा, वात आणि तेलाची बाटली आणली होती. आम्ही नको नको म्हणत असताना त्यानं आत्याच्या बेंबीवर कणकेचा दिवा ठेवला, पेटवला आणि लोटा उपडा घातला. दिवा विझला, लोट्यानं पोट ओढून धरलं. इथपर्यंत सगळं त्याच्या मनासारखं झालं. पण मग लोटा निघेना. पोट इतकं ताणलेलं होतं की लोटा त्यात रुतून बसला. दादानं ओढला, मी ओढला. दाराबाहेर पाठ करून उभ्या असलेल्या नवऱ्यानं हवेच्या दाबावर दोन वाक्यं सांगितली. शेवटी मी कडेनं बोट घालून हवा आत सोडली, तेव्हा मोठा आवाज होऊन लोटा सुटला आणि आत्याला उलटी झाली.

ती उलटी बघून मी हादरले. हिरवट काळसर होती आणि तिला जो वास होता तो उलटीचा नव्हता. आत्याची जीभ वाळलेल्या पानासारखी झाली होती. दोघा पुरुषांना मी आवाराबाहेर पाठवलं, दार लावलं आणि चार आठवड्यांत पहिल्यांदा तिला विचारलं की शौचाला कधी झाली होती. ती म्हणाली, चार दिवस झाले. आणि वारा? तिनं डोळे मिटून घेतले आणि दोन बोटं दाखवली.

हॉस्पिटलमध्ये जाताना गाडीत नवऱ्यानं सगळ्यांना बजावलं की तिथे गुडघ्याचं नाव काढायचं नाही. डॉक्टर लोक भरकटतात, त्यांना एका वेळी एकच गोष्ट सांगावी. आम्हाला ते पटलं.

तिथे आत्याला लगेच सलाइन लावलं, नाकातून पोटात नळी घातली. पोटाचा एक्स-रे काढला, त्यात आतडं फुगून पायऱ्या-पायऱ्यांसारखं दिसत होतं. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी सांगितलं की आतड्यात कुठेतरी अडथळा आहे. आधी कधी पोटाचं ऑपरेशन झालं आहे का? नाही. जांघेत कुठे गाठ, फुगवटा? त्यांनी बघितलं, काही नव्हतं. मग त्यांची नजर बेंबीभोवतीच्या लाल वर्तुळावर गेली. ते इतकं गोल होतं की त्यांनी आणखी दोघांना बोलावून दाखवलं. हे कशानं झालं, असं त्यांनी विचारलं. दादा छताकडे बघत राहिला. मी लोट्याचं सांगितलं. त्यांनी ते कागदावर लिहिलं आणि 'लोटा' हा शब्द इंग्रजीत कसा लिहायचा यावर थोडा वेळ गेला.

मग सर्जन आल्या. चाळिशीच्या आतल्या, बुटक्या, पायात पळायचे बूट, बोलणं भरभर. त्यांनी पोटावर हात ठेवला, कागद बघितले आणि एकदम विचारलं,

"आजी, हा पाय असा का धरलाय?"

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मी दादाकडे बघितलं. सर्जनबाईंनी पाय सरळ करायला सांगितला. आत्या नाही म्हणाली. नाकात नळी असूनही तिनं ठणकावून सांगितलं, "पायाले काहून पाह्यते वं पोरी? पोट पाह्य ना."

बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि अगदी हळू, दोन्ही हातांत धरून पाय सरळ केला, बाहेर नेला, आत वळवला. आत्या कळवळली. कुठे दुखतं, तर तिनं जांघेपासून मांडीच्या आतून बोट फिरवत नेलं आणि गुडघ्यावर टेकवलं. घडी केल्यावर? बंद. तेव्हा नवऱ्यानं खाली मान घालून सांगितलं की हाच व्यायाम आम्ही चार आठवडे करून घेत होतो. बाईंनी त्याच्याकडे बघितलं. पण त्यांचा चेहरा असा उजळला होता की जणू त्यांना हरवलेली वस्तू सापडली. मग त्यांनी एकामागून एक प्रश्न सुरू केले. मुलं किती? आधी अंगानं भरलेल्या होत्या का? कधीपासून वाळल्या? खोकला असतो का? उलट्या मधेच थांबायच्या का? आपोआप?

"पाय घडी केला का पोट उघडते," आत्या म्हणाली.

बाई थांबल्या. त्यांनी तिला ते परत म्हणायला लावलं आणि कागदावर जसंच्या तसं लिहून घेतलं. मी भिंतीला टेकून उभी होते. मला ती कपबशी आठवली.

सीटी स्कॅन झाल्यावर बाईंनी आम्हा तिघांना पडद्यासमोर बसवून समजावलं. आपल्या कमरेच्या हाडाला पुढच्या बाजूला, डावीकडे आणि उजवीकडे, एकेक भोक असतं. त्यावर पडदा असतो, फक्त एका कोपऱ्यात बारीकशी वाट, जिच्यातून एक नस मांडीत उतरते. अंगावर चरबी असली की ती वाट बुजलेली राहते. माणूस फार वाळलं की ती चरबी जाते आणि वाट उघडी पडते. बाळंतपणं जास्त झालेल्या, वय झालेल्या, अगदी काटक बायकांमध्ये कधीकधी आतडं त्या वाटेत घुसतं. हा हर्नियाच, पण दुर्मीळ. इतका खोल की बाहेरून गाठ दिसत नाही, हाताला लागत नाही. आतडं अडकलं की पोट बंद आणि शेजारची नस दाबली गेली की कळ गुडघ्यात. पाय घडी केला की वाट सैल पडते, कधीकधी आतडं आपण होऊन बाहेर निसटतं, आणि माणूस चहा मागतो. या वेळी ते निसटलेलं नव्हतं.

"म्हणजे गुडघा," नवरा म्हणाला.

"गुडघा ठणठणीत आहे," बाई म्हणाल्या. "बिचारा निरोप पोचवत होता."

दादा पुढे सरकून म्हणाला, "म्हणजे बाई, सरकलंच ना? मी कालपासून सांगून राहिलो, सरकलं म्हणून."

बाई म्हणाल्या, हो, सरकलंय. दादानं नवऱ्याकडे ज्या नजरेनं बघितलं, ती नवरा अजून विसरलेला नाही.

ऑपरेशन लगेच करावं लागणार होतं, उशीर झाला तर अडकलेलं आतडं मरतं आणि मग माणूसही. हे वाक्य त्यांनी माझ्याकडे बघून उच्चारलं, म्हणून ते मला ऐकू आलं. दादा तोवर बाहेर जाऊन गावाला फोन करत होता. त्याच्या एका बाजूच्या बोलण्यावरून एवढं कळलं की गावाला पटत नव्हतं. गुडघ्यासाठी पोट कशाला फाडून राहिले, हा मुद्दा वेगवेगळ्या लोकांनी फोन हातात घेऊन मांडला. शेवटी दादानं सांगितलं की नागपूरला आता पोटातून गुडघ्याचं ऑपरेशन करतात, आणि ते सगळ्यांना पटलं.

आत्याला मात्र बाईंनी स्वतः समजावलं. तिनं सगळं नीट ऐकलं. ते भोक जन्मापासूनच होतं का, एवढंच तिनं विचारलं. बाई म्हणाल्या, सगळ्यांनाच असतं. आत्यानं आम्हा एकेकाकडे बघून घेतलं आणि बोट नवऱ्यावर रोखलं.

"जवाईबापूले बी हाय?"

बाईंनी नवऱ्याच्या पोटाकडे नजर टाकली. "आहे. पण त्यांचं बूच पक्कं आहे."

आत्या हसली. नळीमुळे तिला ते जमलं नाही, पण हसली. मग संमतीच्या कागदासाठी अंगठा पुढे केला. मी म्हटलं सही कर, तुला येते. ती म्हणाली, थरथरून वाकडी आली तर बरी दिसणार नाही.

ऑपरेशन दोन तास चाललं. त्या दोन तासांत मी काय केलं ते मला सांगता येत नाही. नवरा बाकावर दोन्ही हात स्वतःच्या गुडघ्यांवर ठेवून बसला होता. एकदा तो म्हणाला, "मी पट्टा बांधत होतो." मी म्हटलं, मी पाय ओढत होते.

बाई बाहेर आल्या, त्यांच्या मागे एक सिस्टर स्टीलचं ताट घेऊन. आतडं सोडवलं होतं, गरम पाण्याच्या फडक्यात गुंडाळून ठेवलं, बराचसा भाग परत गुलाबी झाला, पण चार बोटं लांबीचा तुकडा काळाच राहिला. तो कापून टोकं जोडली आणि ती वाट टाके घालून बंद केली. नातेवाइकांना दाखवायचा नियम म्हणून ताट आणलं होतं. माझ्यानं बघवलं नाही. दादानं जवळ जाऊन बघितलं आणि फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. त्या ग्रुपवर रोज सकाळी फुलं आणि शुभेच्छा येतात, त्यामुळे लोकांचा हात बसलेला आहे. पाच मिनिटांत त्या काळ्या तुकड्याखाली नऊ जणांचे जोडलेले हात, गुलाबाची फुलं आणि अकोल्याच्या एका काकांचं 'हार्दिक अभिनंदन' जमा झालं. कुणीतरी 'अगदी आजोबांवर गेलंय' असंही लिहिलं. ते बहुधा दुसऱ्या फोटोसाठी होतं. त्याच दिवशी चुलतभावाला मुलगा झाला होता.

आणि मग सुरू झाली वाऱ्याची वाट.

जोडलेलं आतडं कामाला लागलं की नाही, हे कळायची एकच खूण असते. तोपर्यंत तोंडात पाण्याचा थेंब नाही. सकाळ-संध्याकाळ डॉक्टरांचा राउंड व्हायचा आणि पहिला प्रश्न तोच. गॅस पास झाला का? आत्यानं उभ्या आयुष्यात या विषयावर तोंड उघडलं नव्हतं. आणि आता रोज चार परके पुरुष हातात कागद घेऊन तिला तेच विचारत होते. ती डोळे मिटून झोपल्याचं सोंग करायची. ते मला विचारायचे. दादा दर दोन तासांनी विचारायचा, कारण गाव त्याला विचारत होतं. दादाच्या बायकोनं गजाननाला नवस केला. नेमका काय आणि कशासाठी केला, ते तिनं देवाला कोणत्या शब्दांत सांगितलं असेल, याचा मी अजून विचार करते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्यानं मला जवळ बोलावलं आणि हळूच सांगितलं की झालं, आता चहा आण. मी पळत जाऊन बाईंना सांगितलं. बाईंनी पोटावर स्टेथोस्कोप ठेवून बराच वेळ ऐकलं. मग विचारलं, "आजी, नक्की? कुणी ऐकलं?"

"त्याले बी साक्षीदार लागते का?" आत्या म्हणाली.

बाई म्हणाल्या, सध्या लागतो. चहा मिळाला नाही. आत्या त्यांच्याशी चोवीस तास बोलली नाही.

चौथ्या दिवशी दुपारी भेटायच्या वेळेत गावाहून अकरा माणसं आली. एका वेळी दोघंच, असा नियम होता, पण त्यांनी स्वतःला पाच जोड्या आणि एक एकटा असं मोजून वॉचमनला सांगितलं आणि सगळे एकदम आत आले. नवरा पलंगाच्या पायथ्याशी उभा राहून त्यांना कमरेचं हाड, भोक आणि नस समजावत होता. चार दिवसांत त्यानं गुडघा सोडून कमर हा विषय घेतला होता. सगळे गंभीरपणे ऐकत होते. 'आणि मग ही वाट मोकळी झाली की,' असं म्हणून त्यानं श्वास घ्यायला एक क्षण घेतला आणि त्या क्षणात ते झालं. छोटं नव्हतं. शेजारच्या तिन्ही पलंगांपर्यंत पोचलं.

कुणी हललं नाही. आत्यानं लुगड्याचा पदर तोंडावर ओढून घेतला. मग अकरा माणसांतल्या सर्वांत वयस्कर गृहस्थांनी टोपी काढली आणि हात जोडले. दादा रडायला लागला, उभ्या-उभ्या, लहान मुलासारखा. शेजारच्या पलंगावरच्या बाईंच्या सुनेनं येऊन माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, अभिनंदन हं, आमचं अजून व्हायचंय. मी पळत सर्जनबाईंना शोधायला निघाले आणि जिन्यात मला कळलं की मीही रडते आहे.

आत्याला आधी चमचाभर पाणी मिळालं, मग चहा. सातव्या दिवशी टाके बघून घरी सोडलं. सोडताना बाईंनी तिला तूप, दूध, केळी, अंडी असं सगळं खायला सांगितलं आणि महिनाभर दळण, बादली, पोतं काहीही उचलायचं नाही म्हणून बजावलं. मला त्या बाजूला घेऊन म्हणाल्या की अशा म्हाताऱ्या पुष्कळदा फार उशिरा येतात, आणि मग काही करता येत नाही. त्या सांगत नाहीत आणि आपण विचारत नाही. त्या रागावून बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या साध्या आवाजात बोलल्या.

घरी आल्यावर एका सकाळी आत्या अंगणात पाय सरळ पसरून उन्हात बसली होती. मी तिच्या केसांना तेल लावत होते. मी विचारलं की चार दिवस शौचाला झालं नाही, पोट फुगलं, तर तू मला सांगितलं का नाहीस?

तिनं पसरलेल्या पायावरून हात फिरवला. मग म्हणाली,

"कोनाले सांगू बाई? सारे माह्या गुडघ्याले इचारून राहिले होते. मले कोनं इचारलंच नाई."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. मी तेल लावत राहिले, कारण हात थांबवले असते तर तिनं मागे वळून बघितलं असतं.

चारेक महिन्यांनी सर्जनबाईंचा फोन आला. नागपुरातच डॉक्टरांची एक परिषद होती आणि तिथे त्यांना आत्याची केस सांगायची होती. नाव येणार नाही, चेहरा येणार नाही, फक्त स्कॅनची चित्रं. आत्याची परवानगी हवी होती. मी गावाला फोन केला. आत्या म्हणाली, भोक दाखवतात आणि माणूस नाही, हे कसं? मग तिनं अट घातली की ती स्वतः येईल. अशी अट घालणारा पेशंट बाईंना कधी भेटला नव्हता, पण त्यांनी कुणाला तरी विचारून होकार कळवला.

ती आली तेव्हा मला आधी ओळखूच आली नाही. गाल भरले होते. पांढरं स्वच्छ लुगडं, नवा चष्मा. नवी कवळी बसली होती आणि त्यामुळे तिच्या चेहऱ्याला एक कडक, विद्वान भाव आला होता. आम्ही मागच्या रांगेत बसलो. सगळं इंग्रजीत चाललं होतं. आत्या एकटक बघत होती आणि पडद्यावर स्कॅन आलं की मान हलवत होती. तिच्या पलीकडे बसलेले दोन तरुण डॉक्टर तिच्या मान हलवण्याकडे बघून लिहून घेत होते.

जेवणाच्या वेळी मी ताट आणायला गेले. परत आले तर एक पिकल्या केसांचे, टाय घातलेले गृहस्थ, कुणीतरी मोठे प्राध्यापक असावेत, आत्याशी अदबीनं बोलत उभे होते. त्यांनी विचारलं होतं की आपण कुठे असता. आत्यानं गावाचं नाव सांगितलं. ते म्हणाले, वा, खेड्यात राहून काम करणं सोपं नाही. अजून बघता का सगळं स्वतः?

"आता पोरगा पाह्यते," आत्या म्हणाली. "मी नुसती नजर ठेवते."

ते म्हणाले, बरोबर आहे, नव्या पिढीकडे सोपवावंच. मग त्यांनी आजच्या केसबद्दल तिचं मत विचारलं. आत्यानं थोडा विचार केला आणि बाईंनी टाके चांगले घातले, असं सांगितलं. प्राध्यापकांनी गंभीरपणे मान डोलावली, आपणही तसंच म्हणणार होतो असं म्हणाले आणि तिच्यासाठी दहीवडा आणायला स्वतः गेले.